वीज चमकते तेव्हा हवेत काय होतं?



गेल्या महिन्यात तीन गावांत गटांच्या बैठका झाल्या. एका गावात एका वहिनींनी विचारलं, "वीज कडाडली की पिकाला फुकटचं खत मिळतं म्हणतात, खरं का हो ताई?" दुसऱ्या गावातल्या काकूंचा प्रश्न होता, वळवाच्या पावसाआधी नाकाला झोंबणारा वास येतो तो कशाचा. आणि तिसऱ्या गावचा गट कर्ज काढून भाजी धुण्याचं ओझोनचं यंत्र घ्यायला निघाला होता, त्यांना आमचं मत हवं होतं. प्रश्न तीन वाटतात, पण मूळ एकच आहे. हवेतून वीज गेली की हवेचं काय होतं, एवढं समजलं की तिन्हींची उत्तरं मिळतात. म्हणून आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलंय.

आपण हवा म्हणतो ती काही एकच वस्तू नाही. तिचे शंभर वाटे केले तर ७८ वाटे नत्र, २१ वाटे प्राणवायू, आणि उरलेल्या एका वाट्यात बाकीचे सगळे. हा नत्र म्हणजे तोच, ज्याच्यासाठी आपण युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभ्या राहतो. आपल्या एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात सुमारे ३० हजार टन नत्र आहे. ऐकून आश्चर्य वाटेल, पण हिशेब खरा आहे. मग पीक उपाशी का राहतं?

कारण नत्राचे कण हवेत जोडीनं राहतात, आणि ती जोडी फार घट्ट असते. मंगळागौरीला दोघी फुगडी घालतात तेव्हा हात कसे आवळून धरतात, तसं समजा. गरगर फिरणाऱ्या त्या दोघींतली एक ओढून बाजूला काढायला गेलात तर जमेल का? पिकाच्या मुळालाही ते जमत नाही. नत्राची जोडी फुटून तो प्राणवायूशी किंवा दुसऱ्या कशाशी जोडला गेला, तरच मुळाला तो घेता येतो. प्राणवायूचीही जोडीच असते, पण तिची पकड नत्राइतकी घट्ट नसते.

ही फुगडी सोडवायचं काम आकाशातली वीज करते. वीज ज्या वाटेनं जाते तिथली हवा क्षणभर सुमारे ३० हजार अंश सेल्सिअस तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या हे पाचपट झालं. एवढ्या धगीत दोन्ही वायूंच्या जोड्या तुटतात. मग क्षणात हवा निवते आणि सुटे झालेले कण जो हाताशी येईल त्याचा हात धरतात. काही नत्र पुन्हा नत्रालाच भेटतो, पण थोडा प्राणवायूला जाऊन मिळतो. हे नवे वायू पावसाच्या पाण्यात विरघळतात, त्यांचं अगदी सौम्य आम्ल होतं, आणि जमिनीत उतरल्यावर तिथल्या क्षारांशी मिळून त्याचे नायट्रेट होतात. नायट्रेट हे पिकाचं आवडतं जेवण. तेव्हा वहिनींनी ऐकलं होतं ते खोटं नाही. वीज खत करते. किती करते, ते पुढे पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे.

हे माणसाला पहिल्यांदा नीट कळलं ते लंडनमध्ये, १७८५ साली. हेन्री कॅव्हेंडिश नावाचे एक शास्त्रज्ञ होते, अतिशय श्रीमंत आणि तितकेच लाजाळू. त्यांनी काचेच्या वाकड्या नळीत थोडी हवा कोंडली, साबण करायला वापरतात तसलं खाराचं पाणी तिच्यात ठेवलं, आणि यंत्रानं विजेच्या ठिणग्या पाडत राहिले. हवा हळूहळू आटत गेली. खाली उरलेलं पाणी सुकवलं तर त्यात सोरा सापडला. सोरा म्हणजे फटाक्यांच्या दारूत असतो तो. त्या पाण्यात भिजवून सुकवलेला कागद सोऱ्यासारखाच भुरभुर जळाला, त्यावरून त्यांची खात्री पटली. नुसती हवा, खाराचं पाणी आणि ठिणगी यातून सोरा तयार झाला होता.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडते. कितीही ठिणग्या पाडल्या तरी नळीत शेवटी एक चिमुकला बुडबुडा उरतच होता, मूळ नत्राच्या १२० व्या हिश्शाहून मोठा नाही. कॅव्हेंडिश यांनी तो झटकून टाकला नाही, लिहून ठेवला. शंभर वर्षं कुणी त्याकडे वळून पाहिलं नाही. १८९४ साली रॅले आणि रॅमसे या दोघांनी शोधून काढलं की त्या बुडबुड्यात एक वेगळाच वायू होता, जो कुणाशीच हात मिळवत नाही. त्याचं नाव ठेवलं आरगॉन, ग्रीक भाषेत आळशी. आपल्या गटाच्या वहीतही बारा रुपयांचा फरक आला तर "जाऊ दे" म्हणू नये, ते यासाठीच. असो.

ठिणगीतून खत होतं म्हटल्यावर कारखाना काढायची कल्पना कुणाला तरी सुचणारच. ती नॉर्वे देशात सुचली. तिथे क्रिस्टियान बिर्केलँड नावाचे प्राध्यापक विजेच्या जोरावर चालणारी तोफ बनवायच्या खटपटीत होते. १९०३ साली मोठमोठ्या पाहुण्यांसमोर तोफेचं प्रात्यक्षिक ठेवलं आणि भर कार्यक्रमात शॉर्टसर्किट होऊन आगीचा प्रचंड लोळ उठला. तोफेचा विषय तिथेच संपला. पण त्याच दिवसांत त्यांची गाठ सॅम आयडे या इंजिनिअरशी पडली. आयडे यांच्याकडे धबधब्यांचे हक्क होते, म्हणजे स्वस्तातली वीज होती, आणि त्यांना हवेतून नत्र काढण्यासाठी विजेचा जबरदस्त लोळ पाहिजे होता. बिर्केलँड यांच्याकडे तो नुकताच, नको असताना, तयार झाला होता!

दोघांनी भट्टी बांधली. लोहचुंबकाच्या जोरानं विजेचा लोळ पसरवून भाकरीसारखी गोल, पण माणसापेक्षा उंच अशी आगीची चकती केली, आणि तिच्यातून हवा सोडली. बाहेर आलेल्या वायूंचं पाण्यात आम्ल केलं, ते चुनखडीवर टाकलं, की कॅल्शियम नायट्रेट तयार. १९०५ साली नोटोडेन या गावी कारखाना सुरू झाला. आज आपल्याकडचे द्राक्षवाले आणि डाळिंबवाले ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतात ना, तेच हे खत. फक्त आता ते विजेच्या लोळातून करत नाहीत.

का करत नाहीत? परवडत नाही म्हणून. भट्टीतून शंभर भाग हवा सोडली तर जेमतेम दोन भागांचं काम व्हायचं, बाकीची हवा नुसती तापून बाहेर यायची. एक टन आम्लाला सुमारे १५ हजार युनिट वीज लागायची. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराला एवढी वीज बारा वर्षं पुरेल. १९१३ साली जर्मनीत अमोनिया करण्याची दुसरी, कमी खर्चाची पद्धत कारखान्यात सुरू झाली, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेवाल्यांनीही आपली पद्धत सोडून तीच धरली. आपला युरिया त्याच पद्धतीच्या अमोनियापासून होतो.

आता आकाशातल्या विजेचा हिशेब करू. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की जगभरातल्या सगळ्या विजा मिळून वर्षाला साधारण ५० लाख टन नत्र पिकाला चालेल अशा रूपात आणतात. कुणी २० लाख म्हणतं, कुणी ८० लाख. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या पृथ्वीवर, समुद्रासकट, वाटायचा आहे. सरासरी काढली तर एका एकराच्या वाट्याला वर्षाला ४० ग्रॅम येतात. आपल्याकडे विजा जास्त होतात म्हणून दहापट धरा, तरी अर्धा किलो होत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत २० किलोहून जास्त नत्र असतो. तूर, हरभरा, सोयाबीन यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू एकरी कितीतरी किलो नत्र हवेतूनच ओढतात, तेही ना धग, ना आवाज. म्हणून "यंदा विजा भरपूर झाल्या, खताचा हप्ता सोडून देऊ" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वाचवायचाच असेल तर आंतरपीक म्हणून तूर घ्या.

मग पहिल्या पावसानंतर चार दिवसांत शिवार हिरवंगार कसं होतं? त्यात पाण्याचा वाटा मोठा आहेच. शिवाय उन्हाळाभर भाजलेली, कोरडी पडलेली जमीन भिजली की तिच्यातले सूक्ष्म जीव एकदम जागे होतात आणि काडीकचऱ्यात, मेलेल्या जिवाणूंत अडकलेला नत्र भराभर मोकळा करतात. श्रेय मात्र विजेला मिळतं, कारण ती दिसते आणि ऐकू येते. घरात राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे पहिला पाऊस अंगावर घ्यावा, विजेचा पाऊस चांगला असतो, अशा समजुतीनं बाया रानात रेंगाळतात. "एवढी पात संपवू आणि निघू" म्हणतात. विजेचा उपयोग ४० ग्रॅमचा आणि धोका जिवाचा, हा सौदा करू नका. वीज दिसली की आवाज येईपर्यंत अंक मोजा. तीन अंकांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडलं तर काम टाकून पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडखाली, विजेच्या खांबाजवळ थांबू नका. जवळ घर नसेल तर बंद टपाची जीप किंवा एसटी चालते. तेही नसेल तर एकमेकींपासून लांब होऊन, दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, आडव्या होऊ नका. वीज जमिनीतून पसरते, पाय फाकलेले असले तर एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. झाडाखाली बांधलेली जनावरं म्हणूनच जास्त दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' हे ॲप मोबाइलमध्ये घेतलं तर आपल्या २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज होत असल्याची सूचना मिळते. प्रत्येक गटात निदान दोघींच्या मोबाइलमध्ये ते असावं. आणि वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा.

आता काकूंच्या वासाकडे वळू. मातीचा सुगंध वेगळा, तो भिजलेल्या जमिनीतून येतो. त्याच्या आधी, वारं सुटलं की एक उग्र, धातूसारखा वास येतो, तो ओझोनचा. प्राणवायूचे कण दोघादोघांनी राहतात हे आपण पाहिलं. ठिणगीनं जोडी फुटली की एखादा सुटा कण दुसऱ्या जोडीत घुसतो आणि तिघांची फुगडी होते. तिघींची फुगडी किती वेळ टिकते ते आपल्याला माहीत आहे. तिसरी सुटते आणि जो समोर येईल त्याला जाऊन धडकते. ओझोनचे सगळे गुण आणि सगळे अवगुण त्या तिसरीचेच.

हा वास हॉलंडमध्ये मार्टिनस व्हान मारुम यांना मोठ्या विद्युतयंत्राजवळ आला होता, तोही १७८५ सालीच. पण हा वेगळाच पदार्थ आहे हे ओळखून १८४० च्या सुमाराला शोनबाईन यांनी त्याला ओझोन नाव दिलं, वास येणारा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपल्याला तो घ्यायला वादळाची वाट पाहायची गरज नाही. चटणीचा मिक्सर जोरात चालतो तेव्हा खालच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात आणि एक वास येतो. मोटारीतल्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांनी तिथल्या हवेचा थोडा ओझोन होतो. जुन्या झेरॉक्स मशीनजवळ उभं राहिलं की येतो तोही हाच. स्विचबोर्डातून किंवा पंपाच्या स्टार्टरमधून असा वास सतत येत असेल तर आत ठिणग्या पडताहेत असं समजा, मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

राहिलं ते यंत्र. आमच्या भागातला एक गट पालेभाज्या स्वच्छ करून, जुड्या बांधून तालुक्याला विकतो. एका विक्रेत्यानं त्यांना सांगितलं की ओझोनच्या पाण्यात भाजी दहा मिनिटं ठेवली की फवारलेलं सगळं औषध निघून जातं, जंतू मरतात, पिण्याचं पाणी शुद्ध होतं, आणि यंत्र नुसतं खोलीत चालू ठेवलं तर हवाही शुद्ध होते. गटाची अध्यक्षताई म्हणाली, "एवढे गुण असतील तर कर्ज फिटेल की." आम्ही सगळ्या मिळून एकेक दावा तपासायला बसलो.

जंतूंचं खरं आहे. ती तिसरी जंतूंच्या कवचाला जाऊन धडकते आणि ते फुटतं. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ सालापासून पिण्याचं पाणी ओझोननं शुद्ध करायला सुरुवात झाली, आणि आज जगभर मोठ्या शहरांत ही पद्धत आहे. पण ओझोन पाण्यात टिकत नाही, थोड्या वेळात विरून जातो. टीसीएल पावडरीचा क्लोरीन हंड्यात राखण करत बसतो, ओझोन काम करून निघून जातो. आपण पाणी रात्रभर साठवतो, त्यात पोरं पेला बुडवतात, तिथे तो कामाचा नाही. पाण्यातलं फ्लोराइड, क्षार किंवा नायट्रेट तर तो काढूच शकत नाही.

फवारणीचं म्हणाल तर पानावर बसलेलं काही औषध ओझोन मोडतो. सगळं नाही, आणि जे औषध झाडानं शोषून पानाच्या आत नेलंय, त्याला वरचं पाणी काय करणार? आणि खोलीतली हवा शुद्ध करण्याचा दावा तर उलटाच आहे. जी तिसरी जंतूला धडकते ती आपल्या फुप्फुसालाही धडकते. खोकला येतो, छाती भरते, दमा असलेलीला फार त्रास होतो. आपल्या देशाच्या हवेच्या मानकात आठ तासांसाठी ओझोनची मर्यादा एका घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. शिवाय साधी हवा वापरणाऱ्या अशा यंत्रात नत्रही ठिणगीत सापडतो, कॅव्हेंडिश यांच्या नळीत झालं तेच थोडं इथेही होतं, आणि हवा दमट असेल तर आम्ल तयार होतं. बंद खोलीत, तान्ह्या पोराला शेजारी घेऊन भाजी निवडणाऱ्या बायांच्या मध्ये असलं यंत्र ठेवणं आम्हाला पटलं नाही.

ओझोन वाईट असं आमचं म्हणणं नाही. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात त्याची मात्रा मोजणारी माणसं असतात, वाया जाणारा वायू बाहेर पडू न देण्याची सोय असते. गटाच्या शेडमध्ये ती नसते.

गटानं दोन बैठका घेतल्या. दुसऱ्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "अगं, भाजी आपणच पिकवतो, औषध आपलेच नवरे मारतात. मग ते आधी का नाही बघायचं?" त्यावर ठराव झाला तो असा. औषधाच्या बाटलीवर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, ते प्रत्येक घरानं वहीत मांडायचं, आणि दिवस भरल्याशिवाय जुडी गटात घ्यायची नाही. भाजी खायच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायची आणि मग वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवायची. कर्ज काढायचंच तर शेडला फरशी आणि दोन नळांसाठी काढायचं. वही सांभाळायचं काम त्या मावशींच्या सुनेकडे दिलंय, ती बारावी झालीय आणि कुणाचीही भीड ठेवत नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं स्वतःच्या सासऱ्यांची मेथी परत पाठवली.